टाळूचे भगदाड आणि चांदीचा भाव

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतला ऐपतदार माणूस इस्पितळात बरा होत नसे, घरी होत असे. इस्पितळ ही ज्याच्या उशाशी बसायला कोणी नाही अशा गरिबाची जागा. खात्यापित्या घरी डॉक्टरच येत आणि कित्येकदा शस्त्रक्रियाही घरातल्या टेबलावरच उरकली जाई. ही रीत इतकी अंगवळणी पडलेली होती की शस्त्रक्रियांची वर्णने जपली गेली, त्यानंतरच्या आठवड्यांची फारशी कोणी जपली नाहीत. राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्यावर १८९३ साली एका नौकेवर झालेल्या गुप्त शस्त्रक्रियेचे तेच झाले आहे. ती हकिकत सांगणारे नौकेवर रेंगाळतात. माझ्या मते या प्रकरणातला अवघड भाग नौकेवरचा नव्हताच. तो मॅसॅच्युसेट्समध्ये बझर्ड्स बे इथल्या ‘ग्रे गेबल्स’ या त्यांच्या उन्हाळी घरात पार पडला.

क्लीव्हलँड यांच्या टाळूला डाव्या बाजूला आलेली गाठ डॉक्टरांनी कर्करोगाची ठरवली तेव्हा वेळ वाईट होती. २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थान सरकारने मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी खाजगी चांदीला बंद केल्या. तोवर कोणीही चांदी आणून द्यावी आणि तिचे रुपये पाडून न्यावेत, अशी मुभा होती. चांदीचा भाव कोसळला आणि आधीच बँका बुडत असलेल्या अमेरिकेत घबराट वाढली. सरकारला दरमहा चांदी विकत घ्यायला लावणारा शर्मन कायदा रद्द करण्यासाठी क्लीव्हलँड यांनी ३० जूनला काँग्रेसचे खास अधिवेशन पुकारले, तारीख ७ ऑगस्ट. उपराष्ट्राध्यक्ष ॲडलाय स्टीव्हन्सन यांचा कल चांदीवाल्यांकडे, त्यामुळे अध्यक्षांच्या जबड्याची बातमी फुटणे बाजाराला परवडणारे नव्हते. १ जुलैला एका मित्राच्या ‘ओनाइडा’ नौकेवर डॉ. जोसेफ ब्रायंट, डॉ. विल्यम कीन आणि सहकाऱ्यांनी वरच्या डाव्या जबड्याचा मोठा भाग आणि टाळूचा तुकडा काढला. सगळे काम तोंडातूनच केले. गालावर चीर नाही, मिशीला धक्का नाही.

५ जुलैला अध्यक्ष ग्रे गेबल्सला उतरले आणि खरी परीक्षा तिथे सुरू झाली. टाळूला भगदाड पडले की तोंड आणि नाक एक होते: घोट नाकातून बाहेर येतो, शब्दांना हवा पुरत नाही, ऐकणाऱ्याला नुसता घोगरा आवाज येतो. अशा माणसाने महिन्याभरात राजधानीत जाऊन धडधाकट दिसायचे होते! ॲटर्नी जनरल रिचर्ड ओल्नी भेटीला गेले तेव्हा अध्यक्षांच्या तोंडात जंतुनाशक बोळे भरलेले होते, बोलणे जेमतेम कळत होते आणि वजन उतरलेले दिसत होते. काँग्रेसला द्यायच्या संदेशाच्या मसुद्याला ओल्नींनीच हातभार लावला. बाहेर पत्रकारांना सांगितले जात होते, संधिवात आहे आणि दाढेचा त्रास आहे. जखमेवर ब्रायंट यांची नजर होती. एका जागी संशय आल्यावर १७ जुलैला पुन्हा नौकेवर नेऊन तेवढा भाग काढला. निर्णायक काम मात्र केले कॅसन गिब्सन या न्यूयॉर्कच्या दंतवैद्याने. कवळ्या ज्या कडक रबराच्या बनत, त्याच व्हल्कनाइटची नकली टाळू त्याने बेतून बसवली. अशी बुचे नवी नव्हती, सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आम्ब्रवाझ पारेनेही ती वर्णिली आहेत. पण रबरामुळे ती तोंडाच्या साच्याबरहुकूम बनू लागली. गिब्सनची टाळू बसवली की अध्यक्षांचा आवाज जवळजवळ पूर्ववत येई, काढली की काही समजत नसे.

यावर कोणी म्हणेल की मूळ कसब शल्यविशारदांचे, घराने फक्त वाट पाहिली. त्यांचे कसब मी नाकारत नाही. पण उत्तम कापलेला जबडा घेऊन मुका राहिलेला अध्यक्ष चांदीवाल्यांपुढे टिकला नसता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काढलेली गाठ पुढे विसाव्या शतकात पुन्हा तपासली तेव्हा ती सावकाश वाढणाऱ्या, क्वचितच इतरत्र पसरणाऱ्या प्रकारची निघाली. म्हणजे रोगच सौम्य होता. मान्य, पण त्यामुळे क्लीव्हलँड आणखी पंधरा वर्षे कसे जगले याचा उलगडा होतो, ऑगस्टमध्ये ते बोलू कसे शकले याचा होत नाही. तिसरा आक्षेप गुप्ततेचा: खाजगी नौका, पगारी मौन आणि समुद्रकाठचे घर असले की कोणाचेही गुपित टिकेल. इथे पुरावा उलट बोलतो. बातमी फुटली ती नौकेवरूनच. भूल देण्यासाठी आलेला दंतवैद्य फर्डिनंड हॅसब्रुक दुसऱ्या एका शस्त्रक्रियेला उशिरा पोहोचला आणि उशिराचे कारण सांगताना त्याच्या तोंडून सारे निघून गेले. घर फुटले नाही. घरी बरे होण्याच्या रीतीत वॉर्ड नव्हता, नोंदवही नव्हती, शेजारचा रुग्ण नव्हता. सत्ताधाऱ्यांना ती का सोयीची वाटे, ते यातून दिसते.

ही सोय कोणाला तरी भोवलीच. २९ ऑगस्टला ई. जे. एडवर्ड्स या वार्ताहराने ‘फिलाडेल्फिया प्रेस’मध्ये शस्त्रक्रियेची बातमी तपशिलासह छापली. पण ५ सप्टेंबरला वॉशिंग्टनमध्ये वैद्यकीय परिषदेच्या उद्घाटनाला, डॉक्टरांच्याच सभेत, क्लीव्हलँड स्वच्छ आवाजात बोलले, आणि खोटारडा ठरला तो एडवर्ड्स. १ नोव्हेंबरला शर्मन कायदा रद्द झाला. क्लीव्हलँड १९०८ साली वारले. कीन यांनी सगळी हकिकत प्रसिद्ध केली ती १९१७ साली, म्हणजे एडवर्ड्सला आपली बातमी खरी ठरण्यासाठी २४ वर्षे थांबावे लागले.