बिऱ्हाड लागेपर्यंतचा खर्च

अमेरिकेच्या संघराज्य शासनाने मुलकी कर्मचाऱ्याची बदली केली, तर त्याच्या प्रवासाचा आणि घरसामानाच्या वाहतुकीचा खर्च सरकारी तिजोरीतून देण्याची तरतूद १९४६ च्या प्रशासकीय खर्चविषयक कायद्यात होती. मात्र बदली प्रामुख्याने कर्मचाऱ्याच्या सोयीसाठी किंवा त्याच्या विनंतीवरून झाली असल्यास त्याला काहीही मिळत नसे. नव्या गावी घर मिळेपर्यंत हॉटेलचे भाडे कोणी भरायचे, याविषयी हा कायदा गप्पच होता, त्यामुळे सामान सरकारी खर्चाने पोहोचे आणि कुटुंब पदरमोड करून राही.

ही उणीव जुलै १९६६ च्या कायद्याने दूर केली आणि तात्पुरत्या निवासातील राहण्याजेवणाचा खर्च ३० दिवसांपर्यंत मिळू लागला. तथापि दैनिक भत्त्याची कमाल मर्यादा पहिले १० दिवस पूर्ण, पुढील १० दिवस दोन तृतीयांश आणि नंतर निम्मी, अशी उतरती ठेवली होती. कर्मचाऱ्याने घर लवकर शोधावे म्हणून काढलेला हा चिमटाच होता, कारण अकराव्या दिवशी हॉटेलवाला भाडे कमी करत नसे.

खरा वाद निवास तात्पुरता कोणता, यावर झाला. सरकारी खर्चाची वैधता ठरवणाऱ्या महालेखा नियंत्रकांनी त्या घरात शिरतानाचा कर्मचाऱ्याचा हेतू निर्णायक मानला आणि तो ओळखण्यासाठी भाडेकराराची मुदत, सामान उतरवून मांडले होते काय, कायमच्या घराचा शोध चालू होता काय, अशा खुणा तपासल्या. वर्षभराचा करार करून फर्निचर लावणाऱ्याचा दावा सहसा टिकत नसे. आप्तांकडे उतरलेल्यांना यजमानावर पडलेल्या जादा भाराशी सुसंगत तेवढीच रक्कम मिळे. मेव्हण्याला हॉटेलच्या दराने पैसे दिल्याचे देयक लेखापरीक्षकांना पटण्यासारखे नव्हते.

१९८३ मध्ये मुदत ६० दिवसांची झाली, सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवस मिळू लागले, आणि या भरपाईवर पडणाऱ्या प्राप्तिकराचीही वेगळी भरपाई सुरू झाली. पावत्या तपासण्याचा व्याप मात्र कायम राहिला. अखेर १९९६ च्या सुधारणेने प्रत्यक्ष खर्चाऐवजी एकरकमी भत्ता देण्याचा पर्याय खात्यांना दिला. तो स्वीकारणाऱ्याला पावत्या जोडाव्या लागत नाहीत, शिल्लक त्याच्याकडेच राहते आणि कमी पडलेले पैसे त्यानेच सोसायचे असतात.