नदीकाठची मोर्शी

अमरावती जिल्ह्यातले मोर्शी हे तालुक्याचे गाव दमयंती नदीच्या काठी वसले आहे. १८५३ मध्ये मोर्शीसह वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. त्या काळात वरूडचा मुलूखही याच तालुक्यात मोडत असे. तालुक्याची खरी जुनी ओळख मात्र कचेरीची नव्हे, रिद्धपूरची. महानुभाव पंथाचे गुरू गोविंदप्रभू यांच्या या गावी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ हा पंथाचा ग्रंथ सिद्ध केला. उत्तरेला सातपुड्याच्या कुशीत सालबर्डी. महाशिवरात्रीला तिथे यात्रा भरते.

पुढे तालुक्याच्या काळ्या जमिनीत संत्र्याने पाय रोवले. मृग बहरासाठी उन्हाळ्यात बागेचे पाणी तोडतात. त्याला ताण देणे म्हणतात. पाने मलूल होतात, जमीन भेगाळते, आणि पहिल्या पावसाबरोबर झाड फुलांनी लगडते. पाऊस लांबला की बागायतदाराचा जीव टांगणीला! पाण्याच्या हव्यासाने विहिरी आणि बोअर खोल खोल गेल्या.

मोठे पाणी मात्र मोर्शीजवळच आहे: सिंभोरा येथे वर्धा नदीवर बांधलेल्या अप्पर वर्धा धरणाच्या जलाशयाला ‘नल-दमयंती सागर’ म्हणतात. गावच्या नदीचे नाव असे थोरल्या पाण्यालाही मिळाले. अमरावती शहराची तहान याच पाण्यावर भागते.