दाम म्हणजे मूठ



उन्हाळ्यात मी पापड करून विकते. यंदा उडीद डाळ महागली आणि हिशेब काही जुळेना. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, थोडं तांदळाचं पीठ मिसळ. दाम तोच ठेव. कुणाला कळतंय?" खोटं कशाला सांगू, मन डळमळलं. रात्री झोप येईना, म्हणून त्या 'दाम' शब्दाचाच माग काढत बसले.

आपल्याला अगदी घरचा वाटणारा हा शब्द मूळचा ग्रीसचा! तिथल्या चांदीच्या नाण्याचं नाव 'द्राख्मे', म्हणजे मूठभर. नाणी येण्याआधी तिथे लोखंडी सळ्या पैशासारख्या चालत. एक सळी म्हणजे 'ओबोलोस', आणि मुठीत मावतील अशा सहा सळ्या म्हणजे एक द्राख्मे, असं जुने ग्रीक लेखक सांगतात. पुढे ग्रीक राजांनी भारताच्या वायव्येला राज्य केलं, चांदीची नाणी पाडली, आणि नाव इथे रुजलं. संस्कृतात द्रम्म, प्राकृतात दम्म, मग दाम. कोकणातल्या शिलाहारांच्या लेखांतही द्रम्म आहेत. अकबराच्या काळी मात्र दाम तांब्याचा होता. ४० दामांचा एक रुपया आणि दामाचा आठवा हिस्सा म्हणजे दमडी. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असं आपण म्हणतो, तीच ही दमडी.

म्हणजे बघा, नाव टिकलं, पण आतला धातू बदलला. मधल्या शतकांत तर चांदीच्या म्हणवणाऱ्या कितीतरी नाण्यांत तांबंच जास्त असे. मग खरं-खोटं कळायचं कसं? हे काम केलं आपल्याच एका श्रावकाने. ठक्कुर फेरू हे श्रीमाळ जैन, दिल्लीत खिलजी सुलतानांच्या चाकरीत होते. त्यांनी १३१८ मध्ये 'द्रव्यपरीक्षा' नावाचा ग्रंथ प्राकृत गाथांत रचला. कुठल्या राज्याच्या कुठल्या नाण्यात किती चांदी, किती तांबं आणि त्याची खरी किंमत काय, हे त्यांनी एकेक करून मांडलं. अशा शेकडो नाण्यांची नोंद त्यात आहे.

वाचता वाचता अचौर्य अणुव्रताचे अतिचार आठवले. कमी-जास्त मापं वापरणं हा एक, आणि चांगल्या मालात हलका माल मिसळून खपवणं, म्हणजे प्रतिरूपक व्यवहार, हा दुसरा. पाठशाळेत मी हे घडाघडा म्हणायचे. पण प्रतिरूपक व्यवहार माझ्याच परातीत येऊन बसेल, असं कधी वाटलं नव्हतं. वरून उडदाचा पापड आणि आत तांदूळ, हे खोटं नाणंच की!

सकाळी निव्वळ उडदाचंच पीठ मळलं आणि किलोमागे वीस रुपये वाढवले. दोन गिऱ्हाइकं तुटली, त्याचं वाईट वाटलंच. पण मंदिरात पाटावर मूठभर तांदूळ वाहताना हात अडखळला नाही.