रायपूरची हॉटेले आणि शोधयंत्रांची बदलती रीत

रायपूर ही १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आलेल्या छत्तीसगढ राज्याची राजधानी. सिरपूर, राजीम, चंपारण वा बारनवापारा अभयारण्य पाहू इच्छिणारे पर्यटक, तसेच बस्तरकडे निघालेले प्रवासी बहुधा याच शहरात उतरतात व एखाद-दुसरी रात्र मुक्काम करतात. हा मुक्काम कोठे करावयाचा, याचा निर्णय आता स्थानकाबाहेरील रिक्षाचालकाच्या सल्ल्यावर क्वचितच होतो. तो घरीच, मोबाईलच्या पडद्यावर झालेला असतो.

या निर्णयाची रीत गेल्या काही वर्षांत पालटली आहे. पूर्वी शोधयंत्रात ‘रायपूर हॉटेल’ असे लिहिले की दुव्यांची लांबलचक यादी समोर येत असे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी खुले झाले. गूगलने ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात ‘एआय ओव्हरव्ह्यू’ आणि २०२५ मध्ये ‘एआय मोड’ ही सोय सुरू केली. आता ‘विमानतळाजवळ, वयस्क आई-वडिलांसाठी, शाकाहारी भोजनाची सोय असलेले हॉटेल सांगा’ असा सविस्तर प्रश्न विचारला जातो आणि उत्तरात मोजकीच नावे येतात. यादीत तेराव्या क्रमांकावरील हॉटेलास निदान एखादा चिकाटीचा वाचक भेटत असे. उत्तरात ज्याचे नावच नाही, त्यास तोही भेटत नाही.

मोठ्या साखळी हॉटेलांना याची झळ फारशी बसत नाही. वीस-पंचवीस खोल्यांच्या हॉटेलमालकापुढे मात्र प्रश्न रोखीचा आहे. त्याचे संकेतस्थळ दिसले नाही, तर ग्राहक मध्यस्थ आरक्षण कंपन्यांमार्फत येतो आणि प्रत्येक आरक्षणामागे कमिशन द्यावे लागते. या कंपन्यांच्या अटींचा वाद भारतीय स्पर्धा आयोगापर्यंत गेला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबीबो समूहास २२३.४८ कोटी, तर ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. हॉटेलाने अन्यत्र कमी दर देऊ नये, ही मेकमायट्रिप-गोआयबीबोची अट त्या प्रकरणात कळीची होती. गूगलने मार्च २०२१ पासून हॉटेलांना स्वतःचे आरक्षण-दुवे विनाशुल्क दाखविण्याची मुभा दिली आहे. लहान हॉटेलांनी तिचा लाभ घेणे हिताचे ठरते.

रायपूर परिसरात पहिली अडचण नावांचीच आहे. वल्लभाचार्यांचे जन्मस्थान मानले जाणारे चंपारण रायपूरजवळ आहे. परंतु त्या नावाने शोध घेतल्यास १९१७ च्या सत्याग्रहामुळे विख्यात झालेले बिहारमधील चंपारण पुढे येण्याचा संभव असतो. सिरपूर नावाचे गाव तेलंगणातही आहे. राजधानीचे नवे नगर ‘नया रायपूर’, ‘नवा रायपूर’ आणि २०१८ पासून ‘अटल नगर’ अशा नावांनी ओळखले जाऊ लागले. आजही तिन्ही नावे पत्त्यांत आढळतात. बारनवापारा ज्या बलौदाबाजार-भाटापारा जिल्ह्यात आहे, तो २०१२ मध्ये रायपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. एकाच विश्रामस्थळाचा पत्ता तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेला असेल, तर माणूस समजून घेतो, यंत्राला मात्र ती तीन निरनिराळी ठिकाणे वाटू शकतात. म्हणून नाव, पूर्ण पत्ता, राज्याचा उल्लेख आणि दूरध्वनी क्रमांक संकेतस्थळावर, नकाशावर व गूगलच्या व्यवसाय-नोंदीत अक्षरशः एकसारखे ठेवावे लागतात. ही नोंद विनामूल्य आहे.

दुसरी बाब मजकुराची. अनेक हॉटेले दरपत्रक चित्राच्या स्वरूपात लावतात. ‘आलिशान वास्तव्याचा अविस्मरणीय अनुभव’ या वाक्यातून कोणत्याही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. माना येथील स्वामी विवेकानंद विमानतळ किती किलोमीटरवर आहे, उद्वाहक आहे की नाही, पहाटेच्या गाडीने येणाऱ्यास खोली किती वाजता मिळेल, सिरपूरच्या लक्ष्मण मंदिरापर्यंत मोटारीने किती वेळ लागतो, हे साध्या वाक्यांत लिहिलेले असेल तर तेच वाक्य उत्तरात उचलले जाण्याची शक्यता वाढते. गूगल, बिंग व याहू यांनी २०११ मध्ये सुरू केलेल्या ‘स्कीमा’ या सामाईक पद्धतीत हॉटेलासाठी स्वतंत्र रकाने आहेत. येण्याजाण्याची वेळ, सुविधा, श्रेणी ही माहिती त्यांत यंत्राला वाचता येईल अशी भरता येते. मात्र एआय उत्तरांत येण्यासाठी कोणत्याही खास सांकेतिक खुणांची आवश्यकता नाही, असे गूगलने स्पष्ट केले आहे. ‘एआयमध्ये पहिला क्रमांक’ हमखास मिळवून देण्याची योजना विकणाऱ्यांकडे म्हणूनच सावधपणे पाहावे.

कधीकधी दार आतूनच बंद असते. संकेतस्थळाच्या ‘रोबोट्स’ फाईलमध्ये सर्वच यंत्रांना सरसकट मज्जाव केलेला आढळतो. ओपनएआयचा ‘जीपीटीबॉट’ प्रशिक्षणासाठी मजकूर गोळा करतो, तर ‘ओएआय-सर्चबॉट’ शोधाच्या उत्तरांसाठी. पहिल्याला अडवूनही दुसऱ्याला प्रवेश देता येतो.

अभिप्रायांचा भाग नाजूक आहे. सवलत देऊन अभिप्राय लिहवून घेणे गूगलच्या नियमांत बसत नाही. बनावट अभिप्रायांना आळा घालण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘आयएस १९०००’ हे ऐच्छिक मानक लागू केले. तक्रारीस दिलेले नेमके, सभ्य उत्तर हाही वाचला जाणारा मजकूरच असतो.

मराठी प्रवाशांचा मुद्दा सहसा विसरला जातो. नागपूरकर भोसल्यांची सत्ता १८५४ पर्यंत या प्रदेशावर होती आणि रायपुरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. ११ डिसेंबर २०२२ पासून बिलासपूर-नागपूर ‘वंदे भारत’ रायपूरमार्गे धावते. विदर्भातून येणारा पर्यटक प्रश्न मराठीत विचारू लागला आहे. त्यास उत्तर देणारे मराठी पान एखाद्या हॉटेलाने तयार केले, तर तेथे त्यास स्पर्धा कमी राहील.

माहिती ताजी ठेवणे हे मात्र सततचे काम आहे. बारनवापारा अभयारण्य पावसाळ्यात पर्यटकांसाठी बंद असते. विश्रामस्थळाच्या पानावर ‘रोज सफारी’ एवढेच लिहिलेले राहिले, तर यंत्र ऑगस्टमध्येही तेच सांगेल आणि कुटुंब बंद फाटकापाशी जाऊन उभे राहील.