मिठाला हाकलत हाकलत एल्बोपर्यंत

भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात दिघोरीच्या शिवारात धानाच्या बांधीला पाणी देणारे पाच हॉर्सपॉवरचे डिझेल इंजिन आणि मुंबईत गेटवेसमोर नांगरलेल्या यॉटच्या पोटातले डिझेल इंजिन, ही दोन्ही एकाच कुळातली भावंडे आहेत. पिस्टन तोच, नोझल तेच, आणि थंड होण्याची रीतसुद्धा मुळात तीच. शेतातल्या इंजिनाला पंपाच्या डिलिव्हरीतून एक बारीक नळी जोडलेली असते. तिच्यातून आलेले पाणी इंजिनाच्या जॅकेटमधून फिरते आणि कोमट होऊन पुन्हा पाटाला मिळते. धूर सायलेन्सरमधून उघड्या आभाळात जातो. पाणी आणि धूर यांची कुठेही भेट होत नाही. यॉटमध्ये मात्र इंजिन थंड करून आलेले समुद्राचे पाणी फेकून न देता निकासाच्या वाकड्या नळीत, म्हणजे एक्झॉस्ट एल्बोत, तापलेल्या धुरावर सोडतात. मग पाणी आणि धूर एकत्रच रबरी होजमधून बोटीच्या मागच्या बाजूने बाहेर पडतात. ही भेट जिथे होते तिथेच काजळी आणि मीठ यांचा थर साचतो, वाट अरुंद होते आणि एक दिवस इंजिन गुदमरते. बोटवाले याला इंजिनाचा दोष समजतात. या एल्बोचे कूळ शोधत गेले की वेगळे दिसते: मिठाचा त्रास इंजिनाच्या महागड्या, अवघड जागांतून काढून स्वस्त आणि हाताशी असलेल्या भागावर आणून ठेवण्याची जी धडपड सुमारे दोनशे वर्षे चालली, तिचा हा शेवटचा मुक्काम आहे. एल्बो बदलण्यासाठीच असतो, आणि तसाच तो वापरला पाहिजे.

तापलेल्या वायूवर गार पाणी सोडण्याची कल्पना इंग्लंडमधल्या एका पंपाची आहे. 1712 मध्ये टॉमस न्यूकोमेनने कोळशाच्या खाणीतले पाणी उपसायला जे वाफेचे इंजिन उभे केले, त्याच्या सिलिंडरमध्ये वाफ भरली की गार पाण्याचा फवारा आत सोडत. वाफ आकसायची, पोकळी व्हायची आणि दांडा खाली यायचा. म्हणजे दिघोरीच्या पंपसेटचा आणि यॉटच्या एल्बोचा हा समाईक पूर्वज उपशाच्याच कामाला होता. पुढे जेम्स वॉटने फवारा सिलिंडरबाहेर, वेगळ्या पात्रात नेला, पण वाफ आणि पाणी मिसळणे तसेच राहिले. जमिनीवर यात काही बिघडत नव्हते. आगबोटींवर ही रीत आली आणि मिठाशी गाठ पडली, कारण समुद्रात फवाऱ्याला पाणी खारेच मिळणार. ते वाफेच्या पाण्यात मिसळून बॉयलरमध्ये जाई, आटत जाई आणि आतून मिठाचे, चुन्याचे कवच चढे. ते रोखायला दर काही तासांनी बॉयलरमधले कढत खारे पाणी समुद्रात सोडून द्यावे लागे, आणि त्याच्याबरोबर ते तापवायला जाळलेला कोळसाही वाया जाई. मुंबईच्या गोदीत नौरोजी जमशेटजी वाडिया यांनी बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट 1829 मध्ये पाण्यात उतरली आणि 20 मार्च 1830 रोजी मुंबईहून सुएझकडे निघाली. तिच्यावर प्रवाशांच्या खोल्यांतसुद्धा कोळसा रचावा लागला होता. त्या काळच्या आगबोटींच्या कोळशाच्या भुकेतला एक वाटा या मिठाचा होता, आणि तो लक्षात घेतल्याशिवाय पुढच्या सुधारणांचा अर्थ लागत नाही. 1834 मध्ये सॅम्युएल हॉलने पेटंट घेतलेल्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे वाफ गार करण्याच्या पात्रात, वाफ नळ्यांच्या आत आणि समुद्राचे पाणी नळ्यांच्या बाहेर, अशी दोघांची ताटातूट केली. जहाजांवर ही रीत रुळायला आणखी पंचवीस-तीस वर्षे गेली. मीठ बॉयलरमधून निघाले आणि कंडेन्सरच्या नळ्यांवर आले. तिथून ते खरवडता येत होते.

डिझेल इंजिन या घरात उशिरा आले. रुडॉल्फ डिझेलने 1892 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि 1897 मध्ये आउग्सबुर्गला चालते इंजिन दाखवले. 1912 मध्ये कोपनहेगनमधून ‘सेलँडिया’ हे डिझेलवर चालणारे मोठे जहाज बँकॉकच्या सफरीला निघाले, तेव्हा बंदरांवरच्या लोकांना त्याला धुराडेच नाही याचे नवल वाटे. धूर डोलकाठीतून वर काढला होता. मोठ्या जहाजाला हे परवडते. लहान बोटीत केबिन बुटकी, डोक्यावर शीड, भिंती लाकडाच्या किंवा फायबरच्या आणि निकासाची नळी चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापलेली. ती उभी वर न्यावी तर माणसे भाजतात, आडवी मागे न्यावी तर बोट पेटते. समुद्राचे पाणी इंजिनातून फिरून तसेही बाहेर जायचेच होते, ते जाताजाता धुरावर सोडले तर नळी हात लावण्याइतकी गार होते, आवाज दबतो आणि लोखंडी नळीऐवजी रबरी होज चालते. न्यूकोमेनचा फवारा असा पुन्हा कामाला लागला. आपल्याकडे साताऱ्याचे कूपर आणि 1946 पासून खडकीचे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स यांनी डिझेल इंजिन घरोघरी ओळखीचे केले, पण ते बहुतेक विहिरीच्या काठचे. ओल्या निकासाची गरजच तिथे नव्हती, म्हणून पंपसेटवर हात बसलेल्या मिस्त्रीलाही एल्बो हा भाग नवखा वाटतो.

आता साचते काय आणि का, हे नीट पाहू, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यातले साधे मीठ पाणी आटल्यावर उरते, पण चुन्याचे काही क्षार असे आहेत की पाणी तापले की ते उलट कमी विरघळतात आणि तापलेल्या धातूवरच बसतात. म्हणून ज्या इंजिनांत समुद्राचे पाणी थेट जॅकेटमध्ये फिरते, ती साठेक अंशांच्या आतच चालवावी लागतात. इंजिन इतके गार ठेवले की डिझेल पुरते जळत नाही आणि काजळी वाढते. मिठाला दूर ठेवायला गेले की काजळी येते, हा पेच हीट एक्स्चेंजरने सोडवला. इंजिनात गोडे पाणी बंद फेऱ्यात फिरू लागले, तापमान ऐंशीच्या वर नेता आले आणि खारे पाणी नळ्यांपुरते उरले. मीठ आणखी एक पायरी बाहेर गेले. राहिली फक्त एक जागा, जिथे खारे पाणी आणि आग यांना भेटवल्यावाचून गत्यंतर नाही: एल्बो. तिथे फवाऱ्याच्या काठावर पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात, ओलसर काजळी त्यांवर चिकटते, डिझेलमधल्या गंधकापासून होणारे आम्ल बिडाला खाते आणि तो गंजही थरात मिसळतो. वाट अरुंद झाली की धुराला मागे रेटा बसतो, जळका वायू सिलिंडरमध्ये उरतो, ताजी हवा कमी पडते, म्हणून आणखी काजळी होते. एकदा हे चक्र सुरू झाले की आपोआप थांबत नाही. पूर्ण थ्रॉटल देऊनही फेरे चढत नाहीत, काळा धूर येतो, मागून पडणारे पाणी कमी होते, आणि इंजिन तापल्यावर बरेच जण आधी थर्मोस्टॅट आणि पाण्याच्या पंपाचा इंपेलर बदलून पाहतात.

यावर पहिला आक्षेप कोकणातूनच येईल: ससून डॉकला लागणाऱ्या ट्रॉलरवर धुराचा नळ डेकवरून उभा वर गेलेला दिसतो, पाण्याचा संबंध नाही, मग ही ब्याद हवी कशाला? आक्षेप खरा आहे. उघडा डेक आणि ऐसपैस जागा असेल तर कोरडा निकास उत्तमच, आणि तो बदलण्याचा सल्ला कोणी देऊ नये. पण त्याची किंमत उष्णता, आवाज आणि लाकडाजवळून जाणारी तापलेली नळी या रूपाने खलाशी रोज मोजतात. बंद केबिनच्या छोट्या बोटीत ती मोजता येत नाही. दुसरा आक्षेप धातूचा: बीड टाकून स्टेनलेसचा एल्बो बसवला की प्रश्न मिटला. स्टेनलेस गंजायला जास्त वेळ घेते हे मान्य, पण काजळी आणि क्षार धातू पाहून बसत नाहीत, आणि जोडकामाच्या शिवणीजवळ खाऱ्या पाण्याने स्टेनलेसलाही बारीक भोके पडतात. आयुष्य वाढते, स्वभाव बदलत नाही. तिसरा आक्षेप इंधनाचा. 1 एप्रिल 2020 पासून देशात विकल्या जाणाऱ्या डिझेलमधले गंधक दहा लाखांत दहा भागांवर आले आहे, त्याने आम्ल नक्कीच कमी झाले. काजळीचे खरे कारण मात्र इंजिन कसे चालवतात हे असते. नांगरावर तासन्‌तास बॅटरी चार्ज करायला मंद फिरवलेले इंजिन सर्वांत जास्त काजळी करते. चौथा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: बदलायचा कशाला, काढून आम्लात बुडवून साफ करता येतो की. येतो, आणि पहिल्या-दुसऱ्या वेळी करावाही. पण आम्ल थराबरोबर आधीच झिजलेले बीडही खाते. आतली भिंत, जी पाणी आणि धूर यांना शेवटच्या क्षणापर्यंत वेगळे ठेवते, ती बाहेरून दिसत नाही. ती फुटली तर फवाऱ्याचे पाणी चुकीच्या जागी पडते आणि बंद इंजिनाच्या सिलिंडरपर्यंत मागे जाऊ शकते. एका एल्बोच्या किमतीपायी इंजिनाचे हेड पणाला लावणे हा दोनशे वर्षांनी बाहेर काढलेल्या मिठाला परत आत बोलावण्याचा प्रकार आहे.

एल्बो बदलण्याच्या कामातसुद्धा खारे पाणी इंजिनाबाहेर ठेवण्याचे हेच तत्त्व पाळावे लागते. आधी समुद्राचे पाणी आत घेणारा कॉक बंद. होजची क्लिप सोडून रबर ओढताना ते कडक झालेले आढळले तर तेही नवे घ्यावे. स्टडवरचे नट आदल्या दिवशी गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवून ठेवले नाहीत तर स्टड तुटतो आणि तासाभराचे काम दोन दिवसांवर जाते. एल्बो निघाल्यावर मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांतला धूर एल्बोकडे आणणाऱ्या भागाच्या, तोंडात पाहणे अनेक जण विसरतात. थर तिथवर गेला असेल तर नवा एल्बोही लवकर चोंदणार. जुने गॅस्केट खरवडून नवे बसवावे, स्टडना न चिकटणारा लेप लावावा, आणि इंजिन सुरू करताच मागे पाणी पडते का आणि सांध्यातून धूर येतो का हे दोन्ही तपासावे, कारण केबिनमध्ये शिरलेला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही. एल्बोची उंचीही पाहावी. फवाऱ्याचे तोंड पाण्याच्या पातळीच्या पुरेसे वर नसेल तर सायफन तोडणारी झडप असलीच पाहिजे. सुरू न होणारे इंजिन सारखे स्टार्टर मारून फिरवत राहिले तर कॉक बंद करावा, कारण धुराचा रेटा नसला की फवाऱ्याचे पाणी बाहेर न जाता साचत जाते.

भंडाऱ्याच्या वाचकाला हे सगळे दूरचे वाटू नये. 1988 मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाने पवनी तालुक्यात वैनगंगेवर मोठा जलाशय उभा केला आहे. तिथे बंद केबिनची डिझेल बोट चालवायची ठरली तर निकास ओलाच ठेवावा लागेल. गोड्या पाण्यामुळे क्षारांचा थर अगदी कमी बसेल, पण पर्यटकांना घेऊन मंद चालीने फिरणारे इंजिन काजळी भरपूर करील. तिथल्या मिस्त्रीला एल्बोत मीठ सापडणार नाही, काजळी सापडेल, आणि ती काढण्यासाठी पाना मागच्या नटापर्यंत पोचेल एवढी जागा बोट बांधतानाच सोडून ठेवावी लागेल.