एका शस्त्रसंग्रहाची विक्री

जुन्या वस्तूंचा संग्रह कसा जमला, याच्या हकीकती आपण नेहमी ऐकतो. कोणी जुन्या बाजारात घासाघीस करून एखादी तोड्याची बंदूक मिळवलेली असते, कोणी घरच्यांची बोलणी खाऊन कट्यार विकत घेतलेली असते. अशा गोष्टी सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला सारख्याच गोड लागतात. परंतु जमवलेला संग्रह पुढे मोडावा लागला, तेव्हा तो कसा मोडावा याचा विचार कोणी कसा केला, ही हकीकत सहसा कानांवर येत नाही. वस्तुतः संग्रहाचे बरेवाईट ठरते ते याच वेळी. म्हणून आज आम्ही आपणांस एका मोठ्या शस्त्रसंग्रहाच्या विक्रीची गोष्ट सांगणार आहोत. ती इंग्लंडातील आहे. पण तिच्यातला प्रश्न आपल्याकडील जुन्या वाड्यांतूनही उभा राहतो.

सर सॅम्युअल रश मेरिक हे नाव शस्त्रविद्येच्या अभ्यासकांत आदराने घेतले जाते. त्यांचा जन्म १७८३चा. व्यवसायाने वकील, छंद मात्र जुन्या शस्त्रांचा. त्या काळी जुनी चिलखते व बंदुका म्हणजे श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली शोभा, एवढीच त्यांची किंमत होती. कोणते चिलखत कोणत्या शतकातले, चकमकीची बंदूक आधी की चाकाच्या घोड्याची आधी, याची फिकीर कोणी करीत नसे. लंडनच्या टॉवरमध्येसुद्धा राजांच्या नावाने मांडलेली चिलखते त्या त्या राजांच्या काळातली नव्हती. मेरिक यांनी १८२४ साली प्राचीन चिलखतांवर तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि या गोंधळाला आळा घातला. पुढे टॉवरमधील व विंझर येथील शस्त्रांची फेरमांडणी त्यांच्याच सल्ल्याने झाली आणि १८३२ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. हातबंदुकांचा इतिहास त्यांनी एका स्वतंत्र निबंधात लिहिला. नुसत्या नळीला हाताने बत्ती देण्यापासून तोडा, चाक, चकमक अशा पायऱ्यांनी बंदुकीचा घोडा कसा सुधारत गेला, हे त्यांना सांगता आले; कारण या पायऱ्यांचे नमुने त्यांना हाताळून, एकमेकांशेजारी ठेवून पाहता येत होते. संग्रह एकत्र असण्याचा उपयोग तो हा.

लंडनमधील त्यांचे घर शस्त्रांनी असे भरून गेले की, माळा आणि जिना व्यापून ती निजायच्या खोलीपर्यंत येऊन ठेपली. अखेर वेल्सच्या सरहद्दीजवळ, वाय नदीच्या काठी, त्यांनी गुडरिच कोर्ट नावाची गढीवजा इमारत खास बांधून घेतली आणि संग्रह तिथे मांडला. याच सुमारास, १८३० साली, जोसेफ स्केल्टन या कोरीवकाम करणाऱ्या कलावंताने संग्रहातील निवडक वस्तूंची चित्रे मेरिक यांच्या वर्णनांसह दोन खंडांत प्रसिद्ध केली. या खंडांचे महत्त्व त्या वेळी कोणाला फारसे जाणवले नसेल. ते पुढे ध्यानात येईल.

१८३७ साली मेरिक यांचा एकुलता एक मुलगा लुएलिन वारला. मुलाच्या मागे बाप अकरा वर्षे जगला. १८४८ साली मेरिक निवर्तले आणि गढी व संग्रह नात्यातील ऑगस्टस मेरिक या लष्करी अधिकाऱ्याकडे गेला. पुढे संग्रहाचे काय व्हावे, हा प्रश्न ज्याने तो जमवला त्याने सोडवला नव्हता. तो वारसाच्या गळ्यात पडला.

या ऑगस्टस मेरिकवर टीका करणे सोपे आहे. वडीलधाऱ्यांनी मिळवले आणि वारसाने विकले, एवढे म्हटले की आपण मोकळे. पण त्याने काय काय केले ते क्रमाने पाहिले, म्हणजे असा निवाडा करवत नाही. संग्रहाचा काही भाग १८५७ साली मँचेस्टरच्या कलाप्रदर्शनात लोकांना पाहावयास मिळाला. १८६८ साली संग्रह लंडनच्या साउथ केन्झिंग्टन वस्तुसंग्रहालयात प्रदर्शनासाठी आला. नाटककार आणि वेशभूषेचे अभ्यासक प्लँशे यांनी त्याची मांडणी केली. मग सबंध संग्रह सरकारने ५०,००० पौंडांस विकत घ्यावा, असा प्रस्ताव पुढे आला. विकणाऱ्याने प्रथम धरलेली वाट ही अशी होती : सारा संग्रह एका हाती जावा आणि तो हात राष्ट्राचा असावा. १८७१ साली सरकारने नकार दिला.

आता उरलेल्या वाटा पाहा. सबंध संग्रहाला गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबावे, तर शस्त्रे सांभाळण्याचा खर्च थांबत नाही. लोखंड गंजते, लाकूड किडते, चामडे तडकते. जाहीर लिलाव करावा, तर ज्याला जे हवे ते तो घेऊन जातो आणि उरलेली शंभर साधी शस्त्रे कवडीमोल होतात. व्यापाऱ्याला द्यावा, तर पैसा लवकर हाती येतो. पण व्यापारी उत्तम वस्तू वेचून घेतो आणि त्या कुठे गेल्या हे सांगण्याचे बंधन त्याच्यावर नसते. दान करावा, तर कीर्ती मिळते आणि हाती काही राहत नाही. संग्रह विकावयास निघालेल्या प्रत्येकापुढे, मग त्याच्याकडे हजार शस्त्रे असोत की दहा, याच चार वाटा असतात. त्यातील कोणतीही फुकटची नाही.

मेरिक संग्रह व्यापाऱ्यांच्या वाटेने गेला. त्यातील कित्येक उंची वस्तू पॅरिसचा प्रसिद्ध व्यापारी फ्रेडरिक स्पिट्झर याच्या हाती पडल्या. त्याच सुमारास सर रिचर्ड वॉलेस यांनी या संग्रहातील बरीच शस्त्रे आपल्या संग्रहासाठी मिळवली. जे विकले गेले नाही त्यातले पुष्कळसे ऑगस्टस मेरिक याने १८७८ साली ब्रिटिश म्यूझियमला देऊन टाकले. विकणारा केवळ पैशामागे धावणारा असता, तर त्याने हे केले नसते.

पुढला भाग मोठा मौजेचा आहे. वॉलेस १८९० साली वारले. त्यांच्या पत्नीने १८९७ साली मृत्युपत्राने संग्रह ब्रिटिश राष्ट्राला दिला आणि १९०० साली लंडनमधील हर्टफर्ड हाउस येथे तो लोकांसाठी खुला झाला. म्हणजे १८७१ साली जे पैसे देऊन घेण्यास सरकार तयार नव्हते, त्यातील कित्येक वस्तू तीस वर्षांच्या आत त्याच राष्ट्राला देणगीदाखल मिळाल्या! हा हिशेब सरकारच्या दृष्टीने फायद्याचा झाला असे कोणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. मेरिक यांनी बंदुकीच्या घोड्याच्या ज्या पायऱ्या एका भिंतीवर मांडल्या होत्या, त्या पुन्हा कधीही तशा एकत्र आल्या नाहीत. आणि गुडरिच कोर्टही आता उभे नाही. १९५०च्या सुमारास ती इमारत पाडली गेली.

मग या वस्तू मेरिक यांच्याच, हे आज कसे ओळखता येते? इथे स्केल्टनचे ते दोन खंड कामी येतात. स्पिट्झरच्या हातून गेलेल्या सर्वच वस्तू निर्मळ नव्हत्या. त्याच्यासाठी आखेन येथील राइनहोल्ड फास्टर्स हा कारागीर ‘जुने’ सोन्याचांदीचे काम नव्याने घडवून देत असे, हे १९७० नंतरच्या दशकात फास्टर्सच्याच रेखाचित्रांवरून उजेडात आले. अशा व्यापाऱ्याच्या दुकानातून आलेल्या प्रत्येक वस्तूकडे अभ्यासक संशयाने पाहणारच. पण ज्या वस्तूचे चित्र १८३० साली छापले गेले आहे, ती स्पिट्झरच्या काळात बनवलेली असू शकत नाही. संग्रह फुटला, तरी त्याची नोंद फुटली नाही. त्या नोंदीनेच वस्तूंची अब्रू राखली.

फ्रान्सच्या तेराव्या लुईचीही गोष्ट याच जातीची आहे. या राजाला लहानपणापासून बंदुकांचे वेड होते. त्याचा बंदुकांचा संग्रह पुढे राजघराण्याच्या शस्त्रागारात गेला. १६७३ साली त्याची यादी करण्यास सुरुवात झाली आणि बंदुकांच्या दस्त्यांवर अनुक्रमांक ठोकले गेले. १७८९च्या जुलैत, बास्तील पडण्याच्या आदल्या दिवशी, पॅरिसच्या जमावाने राजाच्या कोठारातून हाताला लागतील ती हत्यारे उचलली. क्रांतीच्या आणि त्यानंतरच्या धामधुमीत हा संग्रह देशोदेशी पांगला. त्यांतील एक, लिझ्यू गावी १६२०च्या सुमारास बनलेली, जगातील अगदी आरंभीच्या चकमकीच्या बंदुकांपैकी एक, रेनविक या अमेरिकन संग्राहकाकडे होती. त्याच्या मृत्यूनंतर १९७२ साली लंडनमधील लिलावात ती विकली गेली आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियमने घेतली. तिच्यावर १३४ हा आकडा आहे. एवढ्या आकड्याने ती बंदूक राजाच्या यादीशी आजही जोडलेली आहे. विक्री झाली, लूट झाली, समुद्र ओलांडून गेली. आकडा पुसला गेला नाही.

याच्या उलट, वेळेवर निर्णय घेणारेही झाले. जॉर्ज कॅमेरॉन स्टोन हा अमेरिकन धातुतज्ज्ञ. त्याने हिंदुस्थान, इराण, जपान अशा देशांतील शस्त्रे जमवली, १९३४ साली त्यांवर मोठा कोश लिहिला आणि संग्रह मृत्युपत्राने मेट्रोपॉलिटन म्यूझियमला ठेवला. १९३५ साली तो वारला, तेव्हा वारसांपुढे प्रश्नच उरला नव्हता. आणि एवढ्या दूर कशाला जावे? पुण्याचे दिनकर केळकर यांनी अकाली गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने जमवलेला संग्रह, ज्यात शस्त्रेही आहेत, हयातीतच महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. मेरिक यांचा मुलगा गेला आणि संग्रह पोरका झाला. केळकरांचा मुलगा गेला आणि त्याच्या नावाने संग्रह हजारो लोकांचा झाला. दुःख दोघांचे सारखे होते. एकाने पुढचा विचार करून ठेवला, दुसऱ्याकडून तो राहून गेला.

आता आपल्या दाराशी येऊ. आपल्याकडे बंदूक विकणे म्हणजे पितळी समई विकणे नव्हे. १८७८च्या हत्यार कायद्याने परवान्याची जी चौकट घातली, तिची जागा स्वातंत्र्यानंतर १९५९च्या शस्त्र अधिनियमाने घेतली. या कायद्याप्रमाणे परवान्याची बंदूक विकावयाची, तर घेणाराही परवान्यास पात्र हवा. विकणाऱ्याने घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह जिल्हादंडाधिकाऱ्यास किंवा जवळच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवावे आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावे. परवानाधारक वारला, तर वारसांनी शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करावे लागते आणि मुदतीत व्यवस्था न केल्यास ते सरकारजमा होऊ शकते. २०१९च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची मर्यादा तीन बंदुकांवरून दोनवर आली. वडिलार्जित बंदुकीलाही ही मर्यादा सुटली नाही. शंभर वर्षांवरील वस्तू १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर धाडता येत नाही. हे निर्बंध जाचक वाटतील. परंतु ज्या वस्तूने माणूस मरतो, ती कोणाच्या हाती जाते हे विचारण्याचा समाजाला अधिकार आहे.

आमच्या परिचयाच्या एका घरी आजोबांच्या मागे माळ्यावर एक ठासणीची बंदूक निघाली. ती अमुक किल्ल्यावरची, असे घरातील एक म्हणे. नव्हे, शिकारीसाठी घेतलेली, असे दुसरा म्हणे. कागद एकही नव्हता. आजोबांना सारे ठाऊक होते, पण त्यांना कोणी विचारले नव्हते. पोलीस ठाण्याची पायरी चढण्याच्या भीतीने घरच्यांनी पुष्कळ दिवस घोळ घातला आणि अखेर ती जमा केली. कायद्याचे काम त्याने पुरे झाले. तिच्या मागची गोष्ट मात्र आजोबांबरोबरच गेली.

म्हणून आमचे सांगणे थोडे आहे. संग्रह विकणे हा अपराध नव्हे. अडचणीच्या वेळी तो विकावाच लागतो आणि कधी कधी विकल्यानेच वस्तू जाणत्या हाती पडते. पण विकण्याचा निर्णय जमवणाऱ्याने स्वतः, हातपाय चालत असताना घ्यावा. जमल्यास सारा संग्रह एका संस्थेला द्यावा. न जमल्यास निदान ज्या वस्तू एकमेकींचा अर्थ सांगतात, त्या एकत्र जाव्यात. आणि काहीही न जमले, तरी एक वही मात्र अवश्य करावी. वस्तू कोणती, तिच्यावर खूण काय, कोणाकडून केव्हा मिळाली, परवाना कोणता, कोणाला दिली, एवढे तीत लिहावे. मेरिक यांची गढी गेली, तेराव्या लुईचे राज्य बुडाले. पण त्यांच्या बंदुका आज आपल्याशी बोलतात, त्या अशाच लिहून ठेवलेल्या चार ओळींमुळे. ती वही लिहावयास पैसा लागत नाही. आज घरी गेल्यावर आरंभ केला तरी चालेल. घरात वडीलधारी माणसे असतील, तर त्यांना शेजारी बसवून करावा.