ऋतुपूर्व मनोविकाराचे नामकरण

पाळीपूर्वी काही स्त्रियांना होणाऱ्या तीव्र मनस्तापास आधुनिक वैद्यकात नाव लाभले ते १९३१ साली. न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट फ्रँक यांनी त्यास 'ऋतुपूर्व ताण' म्हटले व स्त्री-संप्रेरकाचे आधिक्य हे त्याचे कारण मानले. १९५३ साली इंग्लंडात ग्रीन व डाल्टन यांनी 'ऋतुपूर्व लक्षणसमूह' ही अधिक व्यापक संज्ञा योजिली. तथापि तिच्या व्यापकतेमुळे निदानाची रेषा पुसट झाली.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८७ साली तीव्र विकार वेगळा काढला, परंतु परिशिष्टात. स्वाभाविक ऋतुधर्मावर वेडाचा शिक्का बसेल, हा स्त्रीवादी अभ्यासकांचा आक्षेप निराधार नव्हता. मुख्य वर्गीकरणात त्यास स्थान मिळण्यास २०१३ साल उजाडले.

दरम्यान श्मिट प्रभृतींच्या १९९८ सालच्या प्रयोगाने फ्रँक यांचे गृहीत मागे पडले. संप्रेरकांचे प्रमाण प्राकृतच असते. त्यांच्या चढउतारास मेंदू देतो तो प्रतिसाद वेगळा असतो. सेरोटोनिनवर कार्य करणारे फ्लुऑक्सेटीन १९९५ सालीच उपयुक्त ठरले होते, हेही या मताशी जुळते.

आज निदानास किमान दोन ऋतुचक्रांची दैनंदिन नोंद आवश्यक मानतात. तीवाचून बारमाही विषण्णतेपासून हा विकार निराळा ओळखता येत नाही. नावाचा अभाव व नावाचा अतिरेक, दोहोंतही स्त्रीचीच हानी झाली. त्यांमधील वाट तिने स्वतः ठेवलेल्या नोंदीतून निघते.